आधी डच गेलं

रग्बी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझं एकच मत झालं: ही मारामारी आहे, आणि शिट्टीवाला माणूस ती नीट चालू राहावी म्हणून ठेवलेला आहे. माझं मत अर्थात कुणी विचारलं नव्हतं. लेकीला तिच्या वर्गमैत्रिणीने एका शनिवारी क्लबात नेलं, ती कानापर्यंत चिखल माखून घरी आली आणि एक शब्द न बोलता तिघांचं जेवली. त्यानंतर ती दुसऱ्या कशात रमली नाही. नवरा तिच्याच बाजूने. तो पुण्यात शाळेच्या संघातून कबड्डी खेळलेला, त्यामुळे "अगं, ही कबड्डीच आहे, फक्त हातात चेंडू दिलाय," असं मला उठसूट समजवायचा. कबड्डीत कुणी धावत येऊन दुसऱ्याच्या कमरेवर डोकं आपटत नाही, असं मी म्हणायचे. बापलेक एकमेकांकडे बघून हसायचे आणि विषय संपायचा.

आम्ही हार्लेममध्ये राहतो. क्लब शहराबाहेर, पोल्डरमध्ये आहे. पोल्डर म्हणजे पाणी उपसून काढलेली जमीन. ती आजूबाजूच्या पाण्याच्या खाली असते, आणि पंप बंद पडले तर पुन्हा पाण्यात जाते. इथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. मला वाटायचं. क्लबाच्या मैदानाच्या एका अंगाला बांध आहे आणि बांधावर कालवा. मैदानात उभं राहून वर पाहिलं की कालव्यातून जाणारी होडी दिसते, म्हणजे होडीचं बूड आपल्या डोक्याच्या वर. पहिल्या दिवशी ते दृश्य पाहून मी लेकीचा हात धरला होता. तिने तो हळूच सोडवून घेतला, मैत्रिणी बघत होत्या म्हणून.

जमीन तिथली पीट मातीची, मऊ, वर्षानुवर्षं खचत जाणारी. क्लबहाउस खोल रोवलेल्या खांबांवर उभं आहे, ते खचत नाही. भोवतालचं सगळं मात्र खाली जातं. त्यामुळे दर काही वर्षांनी क्लबहाउसच्या दाराशी एक नवी पायरी बांधावी लागते. सगळ्यात वरची पायरी विटांची, मधल्या काँक्रीटच्या, खालची लाकडी. जुने सभासद त्या पायऱ्यांवरून क्लबाचं वय सांगतात आणि त्यात त्यांना मजा वाटते. पायऱ्या चढताना माझ्या मनात यायचं, की जिथे दाराखालची जमीनच जागेवर राहत नाही, तिथे आपण आपल्या मुलीला पडायला पाठवतोय.

इथल्या क्लबात नुसती वर्गणी भरून चालत नाही, आईबापांना पाळीपाळीने कँटीनमध्ये काम करावं लागतं. सासरच्या कुठल्याही कार्यात वाढायला उभं राहायचं मी शिताफीने टाळलेलं, पण इथे मला ॲप्रन बांधून मांसाचे गोळे तळायला उभं केलं. आमच्या घरात मटण शिजत नाही हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण तोवर झारा हातात आला होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, म्हणून पहिले काही शनिवार मी ते गोळे नाकावर रुमाल बांधून तळले.

त्या कँटीनमध्येच मला क्लबाचा इतिहास कळला. तो मला एकाच माणसाने सांगितला, आणि अनेकदा सांगितला.

हा माणूस इंग्रज, ऐंशीच्या आसपासचा, रुंद खांद्यांचा, कान खेळात मार खाऊन फुलकोबीसारखे झालेले. तो काउंटरच्या टोकाला ठरलेल्या स्टुलावर बसायचा. तरुणपणी तो इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या एका छोट्या गावच्या क्लबातून खेळायचा. तो क्लब निमव्यावसायिक. म्हणजे आठवडाभर खाणीत नाहीतर कारखान्यात काम करायचं आणि शनिवारी खेळण्याचे थोडे पैसे घ्यायचे. नंतर नोकरीसाठी तो रॉटरडॅमच्या बंदरात आला, तिथून विमानतळाच्या कामावर इकडे, आणि इथे आणखी काही इंग्रज जमवून त्याने हा क्लब काढला. सुरुवातीला शेतकऱ्याच्या गोठ्यात कपडे बदलायचे. गाई बाहेर काढायच्या, खेळाडू आत. खेळ झाला की कडेच्या चरात अंग धुवायचं. मग कुणाचं तरी जुनं लाकडी शेड आलं, मग विटांची इमारत, मग एका बंद पडलेल्या फुटबॉल क्लबाचा छोटा स्टँड उचलून आणला, मग दिव्यांचे खांब. आता पहिल्या संघाला थोडा पगारही मिळतो. न्यूझीलंडहून आणलेले दोन खेळाडू वरच्या मजल्यावर राहतात आणि शनिवारी सकाळी गॅलरीत आपली अंतर्वस्त्रं वाळत घालतात.

म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून क्लबहाउसच्या मागच्या खोलीत एक मोठा हौद बांधला होता. त्याच्या गावच्या क्लबात तसा होता. खेळ संपला की अख्खा संघ गरम पाण्यात एकत्र उतरायचा, पाणी काळं होईपर्यंत. पुढे आरोग्याचे नियम आले, हौद बंद झाला. त्यावर फळ्या टाकून वर प्रथमोपचाराची खोली केली. एक पलंग, एक कपाट, भिंतीवर झटका देऊन हृदय चालू करायचं यंत्र. त्या खोलीत चाललं की पायाखाली पोकळ आवाज यायचा. मला ती खोली आवडायची नाही. फडकी तिथल्या कपाटात असत, म्हणून जावं लागायचं, आणि मी कडेकडेने चालायचे.

तर हा इतिहास. म्हाताऱ्याला त्यातलं सगळं पाठ होतं. कुठल्या सामन्यात कुणाचा दात पडला, हौदाच्या विटा कुठून आणल्या, गोठ्यातल्या कुठल्या गाईने कुणाची पँट चघळली. माझी पाळी असली की तो मला बघून हसायचा आणि विचारायचा, "यू आर न्यू हिअर, आरन्ट यू?" मी पहिल्यांदा म्हटलं, हो. पुढच्या खेपेला म्हटलं, नाही, आपण भेटलोय. तिसऱ्या खेपेपासून मी पुन्हा हो म्हणायला लागले. मग तो पहिल्यापासून सुरू करायचा, गोठ्यापासून.

त्याच्या खेळाच्या दिवसांतली एक गोष्ट तो फार रंगवून सांगायचा. डोक्यावर मार बसून माणूस आडवा झाला की त्यांचा प्रशिक्षक मैदानात यायचा, तोंडावर पाण्याचा स्पंज दाबायचा आणि बोटं दाखवून विचारायचा, किती? खेळाडू जो आकडा सांगेल तो बरोबर. मग पुन्हा खेळायला. हे सांगताना तो स्वतःची बोटं माझ्या डोळ्यांसमोर धरायचा आणि मी सांगितलेल्या आकड्यावर खो खो हसायचा. मीही हसायचे, पण ती बोटं थरथरत असायची.

त्याची बायको डच. उंच, ताठ, केस अगदी आखूड. ती त्याला गाडीतून आणायची, स्टुलावर बसवायची आणि स्वतः खिडकीशी उभी राहून मैदान बघायची. एकदा मी कप पुसत होते, तेव्हा ती आपणहून बोलायला लागली. मला डच बरं येतं. सगळं कळतं, बोलताना घसरते.

"सगळं ह्या खेळाने केलंय," ती म्हणाली. "डॉक्टर तसं लिहून देत नाहीत, पण मला माहीत आहे. तुला ठाऊक आहे का, हा माझ्याशी डचमध्ये बोलायचा? आमचा संसार सगळा डचमध्ये झाला. अॅक्सेंट भयंकर, पण शब्द सगळे. भांडायचा डचमध्ये, मुलांना रागवायचा डचमध्ये. मग एक दिवस जेवताना त्याने मीठ इंग्लिशमध्ये मागितलं. मला वाटलं, लाडात आलाय. आमची ओळख झाली तेव्हा तो तसा बोलायचा. मी दोन-तीन आठवडे अगदी खुशीत होते."

मी विचारलं, मग?

"मग काय. आधी डच गेलं. बाकीचं त्याच्या मागून गेलं."

एवढं बोलून ती नवऱ्याचा कोट आणायला गेली. मी तिच्यापाठी बघत राहिले, आणि तळणातला एक घाणा करपला.

आता आमच्या घरातल्या भाषेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लेक चार वर्षांची होईपर्यंत फक्त मराठी बोलायची. पाळणाघरात घातली नव्हती, सासूबाई वरचेवर इथे येऊन राहायच्या. मग शाळा सुरू झाली आणि एका वर्षात तिचं मराठी आटलं. कळायचं सगळं. पण उत्तर डचमध्ये. मी मराठीत ओरडायचे, ती डचमध्ये कुरकुरायची, नवरा मध्ये इंग्लिशमध्ये तह करायचा. मी सगळे उपाय केले. बक्षिसं लावली, अबोला धरला, मंडळाच्या मराठी वर्गात नाव घातलं. तिथे ती मागच्या बाकावर बसून इतर मुलांशी डचमध्ये गप्पा मारायची. सासूबाई फोनवर दर रविवारी सुस्कारा टाकायच्या, "नातीशी बोलायला मला दुभाषा लागतो गं." तो सुस्कारा माझ्या संगोपनावर असायचा, त्यांच्या मुलावर नाही, हे सांगायला नकोच. मला त्याचं खरंच फार वाईट वाटायचं. ही आपलीच पोर आणि तिच्या मनात काय चालतं ते आपल्याला परक्या भाषेत कळतं, ही बोच मला चौदा-पंधरा वर्षांच्या त्या मुलीकडे बघताना रोज लागायची.

तो शनिवार हिवाळ्याच्या तोंडावरचा होता. सकाळी पाऊस पडून गेला होता, मैदान ओलं, चर काठोकाठ भरलेले, वारा बांधावरून खाली येत होता. समोर लाल कपड्यांतला संघ होता, मुली आमच्या मुलींपेक्षा डोक्याने उंच. मी कँटीनच्या खिडकीत होते. नवरा मैदानाच्या कडेला, दोन्ही हात खिशात घालून, आपणच खेळतोय अशा तोऱ्यात.

लेकीने एका लाल मुलीला अडवलं. मला खेळ कळत नाही, पण एवढं शिकवलं होतं मला बापलेकींनी, की अडवताना आपलं डोकं समोरच्याच्या पाठीमागच्या बाजूला हवं, पुढे नको. तिचं डोकं पुढे गेलं. त्या मुलीचा मांडीचा सांधा आणि माझ्या मुलीची कानशिलाची बाजू. आवाज खिडकीपर्यंत आला नाही. ती पडली, क्षणभर पडून राहिली आणि आपली आपण उठली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी ॲप्रनसकट पायऱ्या उतरून धावले. तोवर प्रशिक्षकाने तिला बाहेर काढलं होतं. तो काही जुन्या काळच्या इंग्रजांसारखा नव्हता, चांगला शिकलेला शाळामास्तर होता. डोक्याला मार लागल्याची शंका आली तरी मुलीला परत खेळवायचं नाही, हा नियम तो कटाक्षाने पाळायचा. त्याने तिला कडेला बसवून ठरलेले प्रश्न विचारले, डचमध्ये. आपण कुठल्या मैदानावर आहोत?

लेक मराठीत म्हणाली, "आपल्याच."

प्रशिक्षकाने माझ्याकडे पाहिलं. त्याने पुढचा प्रश्न विचारला, शेवटचे गुण कुणी केले?

"त्या लाल मुलींनी," लेक म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "आई, गार वाजतंय."

ती मला आई म्हणाली. एरवी ती मला मामा म्हणते. डच मुलं आईला मामा म्हणतात, त्याला इलाज नाही. माझा भाऊ पुण्याहून व्हिडिओवर आला की हा गोंधळ ऐकून लोटपोट व्हायचा, आणि मी तिला म्हणायचे, मामा तिकडे फोनवर आहे, मी आई.

"ही कुठली भाषा?" प्रशिक्षकाने विचारलं. "उत्तरं बरोबर आहेत का?"

मी सांगितलं, आमची भाषा, उत्तरं बरोबर आहेत. तो म्हणाला, घाबरल्यावर मुलं आईच्या भाषेत बोलतात कधी कधी, आता तिला आत नेऊन बसवा, उलटी झाली, झोप यायला लागली, काही विचित्र वागली तर दवाखान्यात न्या. त्याने करायला हवं ते सगळं केलं. आजही माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही.

नवऱ्याचा चेहरा उजळला होता. "ऐकलंस?" तो मला म्हणाला, "'त्या लाल मुलींनी'. व्याकरण बघ कसं खणखणीत." आणि खरं सांगते, मलाही आनंद झाला. तिच्या तोंडून 'आई' ऐकून माझ्या अंगावर काटा आला, आणि मी तिला शालीत गुंडाळून चालवत नेताना उगीचच प्रश्न विचारत राहिले, तिने उत्तर मराठीत द्यावं म्हणून. पाय दुखतोय का? नाही दुखत. पाणी हवं? नको. प्रत्येक उत्तर मी पेढ्यासारखं तोंडात घोळवत होते.

तिला हौदावरच्या त्या खोलीत पलंगावर बसवलं. हातात बर्फाची पिशवी दिली. नवरा फळ्यांवरून ढबढब चालत आला आणि त्याने काय करावं? पुण्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. जगात दुसऱ्या कुठल्या बापाने त्या वेळी हे केलं असतं, मला माहीत नाही. "आई, बघ, नात मराठी बोलतेय," असं म्हणून त्याने फोन लेकीच्या तोंडासमोर धरला.

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. "काय गं बाळा, डोक्याला काय झालं?"

"बाऊ झाला," लेक म्हणाली.

सासूबाई हसल्या. नवरा हसला. "अरे, कशी गोड बोलते," सासूबाई म्हणाल्या. "जेवलीस का गं?"

"मंमं नको."

नवरा अजून हसत होता. मी हसता हसता थांबले. पंधरा वर्षांची मुलगी, माझ्याहून उंच, दंडावर चिखल, आणि ती मंमं म्हणत होती. हे मराठी तिने वर्गात शिकलेलं नव्हतं, आम्ही घरात बोलतो तेही नव्हतं. शाळेत जायच्या आधी ती जे बोलायची ते हे होतं. दाराशी कुणाची तरी सावली पडली. म्हातारा इंग्रज आत आला होता. तो बायकोची नजर चुकवून क्लबभर फिरायचा. पलंगाजवळ येऊन तो लेकीकडे बघून प्रेमाने हसला. "यू आर न्यू हिअर, आरन्ट यू?"

लेक त्याला चांगली ओळखायची. त्याची सगळ्या मुलींत ती लाडकी, दोघं इंग्लिशमध्ये एकमेकांची टिंगल करायची. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, हे आजोबा काय बोलतात?"

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, तिचा चेहरा धरला आणि डचमध्ये विचारलं, तुझ्या शाळेचं नाव काय? मी डच बोलले की ती एरवी माझे उच्चार सुधारायची, हसायची. आता ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. पुन्हा विचारलं. तिच्या कपाळावर आठी पडली, आणि ती रडवेली होऊन म्हणाली, "तू असं का बोलतेस? कळत नाही."

दारात म्हाताऱ्याची बायको उभी होती. नवऱ्याला शोधत आली असावी. तिने काय ऐकलं, तिला काय कळलं, ते मी कधी विचारलं नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला दुसऱ्या कुणाला विचारायची गरज राहिली नाही.

"हिचं डच गेलंय," मी नवऱ्याला म्हटलं. "ॲम्ब्युलन्स बोलाव."

"अगं, ती मराठी बोलतेय नुसती."

"ती नुसतं मराठीच बोलतेय. फोन कर."

तरी तो फोन करेना. म्हणाला, प्रशिक्षकाने विचारलं तेव्हा सगळी उत्तरं बरोबर होती, तूच तर सांगितलंस. तेवढ्यात लेकीने मान भिंतीला टेकवली, बर्फाची पिशवी हातातून सुटली, आणि ती अगदी लाडात म्हणाली, "मला गाईगाई करायचीय." मी नवऱ्यावर इतकी ओरडले की बाहेरचे लोक खिडकीपाशी आले. त्याने आईचा कॉल तसाच ठेवून दुसऱ्याच्या फोनवरून ॲम्ब्युलन्सला फोन केला. त्याचा फोन टेबलावर उताणा पडला होता आणि सासूबाई छताकडे बघत "अरे, झालं काय, कुणी बोलाल का" असं विचारत होत्या.

ॲम्ब्युलन्स बांधावरच्या रस्त्याने आली. आम्हाला ती आधी वर दिसली, कालव्याच्या कडेने, आमच्या डोक्यावरून जाणारी, आणि क्लबाच्या वळणापर्यंत पोचून खाली उतरायला तिला जो वेळ लागला तो मला आजही सोसत नाही. शेवटचा टप्पा गाडीने येता येईना, चाकं मऊ जमिनीत रुतायला लागली. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन मैदानावरून चालत आली. त्यांचे बूट प्रत्येक पावलाला आत जात होते. दुसऱ्या मैदानावर सामना चालूच होता. शिट्टी वाजली, कुणीतरी गुण केले, लोक ओरडले.

तिला नेताना मी तिचा हात धरून बोलत राहिले. मराठीत. दुसरं काही तिला कळत नव्हतं, आणि मला बोलायचं थांबायची भीती वाटत होती. चिऊ कुठे गेली, काऊ कुठे गेला, असलं काहीतरी. माझ्या मुलीने मराठीत बोलावं हे मला इतकी वर्षं हवं होतं, आणि आता प्रत्येक मराठी शब्दागणिक ती माझ्यापासून दूर चालली होती, लहान होत, मागे मागे. चार वर्षांच्या मागे गेली तर पुढे काय, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो तिथेच दाबला.

कवटीच्या आत रक्त साचत होतं. दवाखान्यात फोटो काढले आणि लगेच तिला ऑपरेशनला आत नेलं. सर्जन बाई तरुण होत्या, सरळ बोलल्या. वेळेवर आलात म्हणाल्या. वेळेवर म्हणजे काय ते मी विचारलं नाही. नवरा कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. "मी तिला हसत होतो," तो म्हणाला. मी त्याच्याशेजारी बसले. त्याला धीर द्यावा एवढं बळ माझ्याजवळ नव्हतं, पण तिथून उठलेही नाही.

ती शुद्धीवर आली तेव्हा नर्स आधी आत होती. आम्हाला बोलावलं. लेकीचे डोळे अर्धे उघडे, डोक्याला पट्ट्या. मला तिच्याजवळ जायची भीती वाटत होती. ती आई म्हणाली तर काय करायचं, हे मला कळत नव्हतं. मी तोंडातून शब्द काढला नाही, मराठी नाही, डच नाही, नुसती तिच्या पायाशी उभी राहिले. तिने मला शोधलं, ओठ हलवले.

"मामा," ती म्हणाली. मग डचमध्ये, तहान लागलीय.

मी दवाखान्यात कधी रडले नव्हते, माझ्या वडिलांच्या वेळीही नाही. त्या दिवशी मी नर्सच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके दिले. नर्सने तिला वार विचारला, शहर विचारलं, पंतप्रधानाचं नाव विचारलं. पंतप्रधानाचं तिला आलं नाही, पण ते तिला आधीही येत नव्हतं. सगळं डचमध्ये. माझ्या कानाला ती भाषा इतकी गोड कधी लागली नव्हती.

लेक आता बरी आहे. शाळेत मार्क थोडे उतरले होते, ते चढले. मोठा आवाज, लखलखीत दिवे तिला अजून त्रास देतात. खेळ बंद. तिने दोन दिवस आदळआपट केली आणि मग कडेला निशाण घेऊन उभं राहायचं काम मागून घेतलं. क्लब सुटला नाही. माझी कँटीनची पाळीही सुटली नाही. म्हातारा आता येत नाही, त्याला एका संस्थेत ठेवलंय. त्याची बायको एकटी येते, खिडकीशी उभी राहते. ह्या वसंतात दाराशी आणखी एक पायरी बांधली, तेव्हा ती तिथे होती. लेक मैदानाच्या कडेने निशाण हलवत पळत होती, मैत्रिणींवर डचमध्ये खेकसत होती. म्हाताऱ्याच्या बायकोने ते ऐकलं आणि मला म्हणाली, "तुझं परत आलं." मी तिला चहा दिला.

लेकीला त्या दुपारचं काहीच आठवत नाही. आम्ही तिला सांगितलं, आजीनेही सांगितलं. आपण आजीशी चक्क मराठीत बोललो याचं तिला नवल वाटलं, आणि मग तिच्या मनाने काय घेतलं कोण जाणे, ती आपणहून मराठी शिकायला लागली. मला न सांगता. मंडळाच्या वर्गात जायला लागली, पहिल्या बाकावर. आणि एका रविवारी सकाळी, मी ओट्याशी पाठमोरी उभी असताना, मागून आवाज आला, "आई, मी आज तुझ्यासाठी चहा करू का?"

शब्द स्वच्छ होते. क्रियापद जागेवर. मी वळले, तिला खांद्यांना धरून खिडकीत उजेडाकडे नेलं आणि तिच्या डोळ्यांत बघितलं, एक बुबुळ मोठं आहे का. मग डचमध्ये विचारलं, आज वार कुठला? आपण कुठे आहोत? काल कोण जिंकलं? ती सुरुवातीला हसली. मग मी तिचे खांदे सोडत नाही हे तिच्या लक्षात आलं असावं. तिने सगळी उत्तरं दिली, डचमध्ये, हळूहळू, एखाद्या घाबरलेल्या माणसाशी बोलावं तशी. चहाचं राहून गेलं.

तिने आणखी एकदोनदा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी माझं तेच झालं. समजतं मला सगळं, मी अडाणी नाही, पण कानावर तिचा मराठी शब्द पडला की माझं काळीज बंद पडतं, त्याला मी काय करू? आता मीच तिच्याशी डचमध्ये बोलते. चुकत, अडखळत. ती माझे उच्चार सुधारते आणि मी तिला सुधारू देते.

परवा सासूबाईंनी फोनवर विचारलं, "काय गं, पोरीला मराठी शिकवायचं सोडलंस की काय?"

मी हो म्हटलं.